ट्रंकेतले कपडे: आधी मोजा, मग घाला

शव्वालचा चाँद दिसला की निकाहच्या पत्रिका यायला सुरुवात होते. रविवार पेठेत, लक्ष्मी रोडला, कॅम्पात कपड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. लेहंग्याची किंमत ऐकून मुलीचे अब्बा पाणी पिण्याच्या निमित्ताने दुकानाबाहेर येतात, हे दृश्य आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. गेल्या काही वर्षांत मात्र आमच्या कानावर एक वेगळी फर्माईशही येते. मुली म्हणतात, "नानीचा गरारा आहे ना ट्रंकेत, तोच घालते." मुलगे म्हणतात, "दादाअब्बांची शेरवानी काढा, अंगाला येते का बघू."

ही हौस आम्हाला मनापासून आवडते. एका दिवसाच्या कपड्यासाठी कर्ज काढण्यापेक्षा घरात जपलेला कपडा पुन्हा वापरात येणे केव्हाही चांगले. आवडत नाही ते त्यानंतर घडणारे. ट्रंक उघडते, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो, सगळ्या बायका गोल करून बसतात आणि मुलगी तो कपडा थेट डोक्यातून घालते. तो खांद्यापाशी अडकतो. कुठेतरी टाका उसवल्याचा आवाज येतो. मग एखादी खाला म्हणतेच, "तुझी नानी किती नाजूक होती गं!" तिथून पुढे दोनच वाटा उरल्यासारखे सगळे वागू लागतात. एक वाट कात्रीची, दुसरी उपासमारीची.

दोन्ही वाटांनी गेलेली माणसे आमच्या पाहण्यात आहेत. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने निकाहच्या आधी तीन आठवडे रात्रीचे जेवण बंद केले होते. मेहंदीच्या दिवशी ती चक्कर येऊन पडली. आणि कपडा अडकत होता कुठे? छातीत नाही, कमरेत नाही, मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडलेली असते त्या गोलाईत. माणूस उपाशी राहिल्याने मुंढा रुंद होत नसतो. दुसऱ्या एका घरात टेलरने नानीच्या गराऱ्याचा गुडघ्याचा जोडच कापून काढला आणि त्याचा शरारा करून दिला. निकाहचे फोटो चांगले आले. पण गरारा गेला तो गेलाच. धाकट्या बहिणीच्या वाट्याला फक्त जरीची पट्टी आली.

दोन्ही घरांत एक इंचपट्टी होती. ती मुलीच्या अंगाभोवती फिरली, कपड्याला कोणी लावली नाही.

जुन्या कपड्याच्या बाबतीत मोजण्याचा क्रम उलटा असतो. नवा कपडा शिवताना आपण अंग मोजतो आणि कापड त्याप्रमाणे कापतो. जुना कपडा कापून झालेला असतो, म्हणून आधी त्याचे माप समजून घ्यायचे. अंगावर चढवण्याची घाई करायची नाही. जुने रेशीम आणि जुना दोरा दोन्ही कमजोर झालेले असतात. एकदा घालून बघताना जेवढे नुकसान होते तेवढे वीस वर्षे ट्रंकेत राहूनही झालेले नसते.

आता ट्रंकेतून निघते काय, हेही प्रामाणिकपणे बघितले पाहिजे. सिनेमे आणि मालिका पाहून वाटते की प्रत्येक मुस्लिम घरात एक गरारा असणारच. आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दादीच्या ट्रंकेतून इरकली लुगडे निघते आणि सोबत खणाची चोळी. अत्तार, मोमीन, बागवान, तांबोळी, मुलाणी अशा घरांतल्या जुन्या बायका लुगडेच नेसत. गरारा निघतो तो बहुधा ज्यांचे नाते हैदराबादकडे किंवा उत्तरेकडे आहे अशा घरांतून. लुगडे निघाले म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. नऊवारीला मापच लागत नाही. पुढे गाठ मारायच्या चोळीलाही फारसे लागत नाही. अंग भरले तर गाठ सैल, उतरले तर घट्ट. सलवारीच्या नेफ्यात नाडा असतो, त्यामुळे कमरेचे माप नाडा सांभाळून घेतो. त्या काळच्या बाईचे अंग लग्नानंतर, बाळंतपणानंतर बदलणार हे त्या शिवणाऱ्यांना ठाऊक होते. कपड्यातच त्याची सोय होती.

जुना कुर्ताही तसाच. मधला भाग सरळ, बाजूंना तिरक्या कळ्या आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा. या तुकड्याला उर्दूत चौबगला म्हणतात. हात वर केला की हा तुकडा उघडतो आणि कुर्ता जागेवर राहतो. बोटभर कापडाची ही अक्कल आजच्या रेडिमेड कुर्त्यांतून जवळजवळ गायब झाली आहे.

म्हणून "जितका जुना तितका तंग" हा समज खरा नाही. साठ-सत्तरच्या दशकांत अंगाला चिकटणाऱ्या कमीजची फॅशन आली. पाठीला चेन, पुढे-मागे प्लेट, कमरेत कसलेली. त्या काळात शिवलेली अम्मीची कमीज आज कोणाला येणार नाही, पण तिच्याही आधीचा दादीचा कुर्ता सहज येईल.

आकड्यांवरही विसंबू नये. जुन्या वहीत किंवा टेलरच्या पावतीवर माप सापडले तर ते कशात लिहिले आहे ते आधी बघा. आपल्याकडे पूर्वी गज चालत असे. उर्दू जाणणारे कारागीर गजाचे 16 गिरह धरत. 36 इंचांचा गज धरला तर एक गिरह सव्वादोन इंचांची होते. मराठी मुलखात गजाचे 24 तसू. 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आणली आणि कापड मीटरवर विकले जाऊ लागले, पण टेलरने इंच काही सोडला नाही. आजही कापड आपण मीटरने घेतो आणि शिवतो इंचाने.

कॉलेजच्या मुली हल्ली परदेशातून आलेली वापरलेली जाकिटे, कोट घेतात. त्यांच्या गळ्यापाशी 10, 12, 14 असे आकडे असतात. हे इंच नव्हेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची मापे घेतली, प्रत्येकीची 59. त्यावरून पुढे 1958 मध्ये तिथे कपड्यांच्या मापांचे एक मानक आले. ते 1983 मध्ये मागे घेतले गेले आणि मग प्रत्येक कंपनीने आपापले आकडे ठरवले. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून आकडा लहान आणि कपडा मोठा, असा प्रकार सुरू झाला. त्यामुळे जुन्या कोटावरचा 12 आणि आजच्या कोटावरचा 12 यांत पुष्कळ अंतर असते. आणखी एक गोष्ट. त्या पाहणीतून गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे बाजूला काढली होती. म्हणजे तो आकडा आपल्या अंगाला बघून कधी ठरलेलाच नव्हता. आपल्या देशात अशी पाहणी करायचा प्रकल्प केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेने 2018 मध्ये जाहीर केला. सहा शहरांतल्या 25,000 लोकांची मापे घ्यायची अशी ती योजना. तोवर आपण परक्या आकड्यांत आपले अंग बसवत आलो आणि बसले नाही की दोष अंगाला दिला. वर्गात मुली एकमेकींना "तुला एक्सएल लागतो" म्हणून चिडवतात तेव्हा आम्हाला ही गोष्ट सांगाविशी वाटते.

आता प्रत्यक्ष मोजण्याकडे येऊ.

प्रथम इंचपट्टी तपासा. कापडी किंवा रबरी फीत वर्षानुवर्षे ओढून लांबते. मापनाच्या तासाला आम्ही मुलांना घरची फीत आणायला सांगतो आणि शाळेच्या मीटरपट्टीशी लावून बघायला लावतो. 100 सेंटिमीटर म्हणजे 39 इंच आणि वर अर्ध्या इंचाहून थोडे कमी. फीत याच्याशी जुळली नाही तर बाजूला ठेवा. नवी पंधरा-वीस रुपयांत मिळते.

जमिनीवर स्वच्छ पांढरी चादर अंथरा. त्यावर कपडा पालथा नव्हे, समोरची बाजू वर करून ठेवा. बटणे लावा, सुरकुत्या हाताने हलकेच सपाट करा, ओढू नका. इस्त्री तर मुळीच नको. काखेच्या शिवणीखाली एक इंचावर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ही कपड्याची छाती. समजा पट्टी साडेअठरा दाखवते, म्हणजे 37 इंच. मुलीची छाती 36 आहे. घरच्यांना वाटते, एक इंच जास्तच आहे, येईल. येणार नाही. न ताणणाऱ्या कापडाच्या कमीजला अंगापेक्षा किमान 3 इंच जास्त लागतात, नाहीतर श्वास घेताना शिवण ओढते. सैल कुर्त्याला 5-6 इंच हवेत. शेरवानी कुर्त्यावरून घालायची असल्याने तिलाही 4-5 इंच सोडावे लागतात.

त्यानंतर खांदा, ज्याला जुने कारागीर तीरा म्हणतात. एका बाहीच्या जोडापासून दुसऱ्या बाहीच्या जोडापर्यंत पाठीकडून मोजायचे. सगळ्या मापांत हे सर्वांत हट्टी माप. छाती सोडवता येते, उंची कमी-जास्त करता येते, खांदा लहान निघाला तर टेलर काही करू शकत नाही. म्हणून आमचे मत असे की खांदा आधी मोजावा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त कमी असेल तर तो कपडा तुमच्यासाठी नाही, बहिणीसाठी असेल. मग मुंढ्याची उभी उंची, दंडापाशी बाहीचा घेर, बाहीची लांबी, खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंतर, खालचा घेर आणि पूर्ण उंची. कमरेत आवळलेल्या कमीजला हे कमरेचे अंतर फार महत्त्वाचे. नानीची कमर खांद्यापासून 14 इंचांवर होती आणि नातीची साडेपंधरावर, तर रुंदी जुळूनही कमीज वर चढत राहील.

एवढे आकडे नको वाटत असतील तर सोपा उपाय आहे. तुमचा नीट बसणारा, तशाच घाटाचा एक कपडा घ्या आणि जुन्या कपड्याशेजारी ठेवून दोन्हींची मापे पडताळा. अंगाचे माप घेताना माणूस पोट आत ओढतो. कुर्ता तसे करत नाही.

मापे जुळली आणि कापड धड असले तरच अंगात घाला, आणि घातल्यावर आरशासमोर नुसते उभे राहू नका. जानमाज अंथरा. तकबीरसाठी हात उचलताना सगळा कुर्ता वर येतो का? रुकूत पाठीला ओढ बसते का? सजद्यात जाताना आसन, म्हणजे दोन्ही पायांमधला जोड, ताणतो का? मागचा दामन वर सरकतो का? नमाजच्या हालचालींत कपडा जिथे अडतो तिथेच तो स्टेजवर बसताना, दस्तरखानावर वाकताना, मूल उचलताना अडणार. नवरी दिवसभर उभी नसते.

गरारा आणि शरारा यांत लोक गल्लत करतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शरारा कमरेपासूनच पसरत जातो. गरारा कमरेपासून गुडघ्यापर्यंत साधा असतो आणि गुडघ्यावर जोड देऊन तिथून पुढे चुणीदार मोठा घेर लावलेला असतो. जोडावर गोटा किंवा जरीची पट्टी असते. गराऱ्याची सगळी शान हा जोड कुठे येतो त्यावर आहे. गुडघ्यावर आला तर चालताना घेर डोलतो. मांडीवर आला तर बाई बुटकी दिसते आणि बसताना शिवण तटतटते. पिंढरीवर गेला तर पायात येतो. म्हणून कमरेचे माप सोडून द्या, तिथे नाडा आहे. नेफ्यापासून जोडापर्यंत मोजा आणि मुलीच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत मोजा. गरारा इंच-दोन इंच आखूड असेल तर कात्री न लावता, नेफ्याच्या वर सुती कापडाचा पट्टा जोडून तो खाली आणता येतो. वरून कमीज येते, जोड कोणाला दिसत नाही. ज्या घरातला गरारा कापला गेला त्याला एवढेच हवे होते.

चुडीदारात पिंढरी आणि मोहरी, म्हणजे पायाशी असलेला घेर, ही मापे घ्या. टाच आत गेली पाहिजे. कापड तिरपे कापलेले असल्याने थोडे ताणते, पण जुन्या दोऱ्यावर भरवसा ठेवू नका.

शेरवानीच्या बाबतीत मराठवाड्यातल्या आमच्या नातेवाइकांकडे हिमरू निघते. औरंगाबादची सुती आणि रेशमी धाग्यांची ही विणकाम केलेली वस्त्रे आजही त्या शहराची ओळख आहेत. काही घरांत मशरू सापडते. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य, म्हणून वर रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुती अशी ही विणाई. मशरू या नावाचाच अर्थ शरीयतला मान्य असलेले. मशरूची रेशमी बाजू घासली की धागे सुटे होतात. त्यामुळे कोपर आणि काखेपाशी बोट फिरवून बघा, मगच अंगात घाला. शेरवानीत खांद्याखालोखाल पाठ मोजायची. हात पुढे घेऊन सलाम करताना पाठ फाटते, छाती नाही.

मोजून झाले की कपडा उलटा करा. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपले टेलर "माया" म्हणतात. जुन्या शिवणाऱ्यांनी ती भरपूर ठेवलेली असते. बाजूच्या दोन शिवणी म्हणजे कापडाच्या चार कडा. प्रत्येक कडेत इंचभर माया असली आणि त्यातली अर्धा इंच सोडली, तर छातीत 2 इंच मिळाले. तेवढ्याने बहुतेक भांडणे मिटतात. माया सोडल्यावर जुन्या शिवणीची रेघ दिसते, रेशमावर सुईची छिद्रेही राहतात, त्यावर बारीक पट्टी लावता येते. मुंढा तंग असेल तर काखेत चौबगला घालून घ्या. ओढणीच्या टोकाचे किंवा आतल्या मायेचे कापड त्याला पुरते. टेलरला स्पष्ट सांगावे की उसवायचे, जोडायचे, पण कापायचे नाही. आणि जे जोडाल ते पुन्हा काढता आले पाहिजे. "चलता है, थोडा काट देते हैं" म्हणणाऱ्याकडून कपडा परत घ्यावा. पुण्यात टेलर कमी नाहीत.

ज्यांच्या ट्रंकेत काही नाही ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातात. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे घालून बघायची सोय नाही, घासाघीस करायला वेळ थोडा. अशा वेळी आपल्या नीट बसणाऱ्या कपड्याची सहा-सात मापे एका कागदावर आणि खिशात फीत, एवढे असले की दोन मिनिटांत निर्णय होतो. कापड उजेडाकडे धरा. घड्यांच्या रेषेवर चाळणीसारखे दिसले तर पुढे चला. जुनी शिलाई डोळ्यांनी बघायची असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन यावे. मुलांना आपण तिथे मस्तानी महाल बघायला नेतो. जुने कपडेही काचेजवळ उभे राहून पाहावेत.

आणि कधी कधी माप बरोबर जुळते, पण कापडच संपलेले असते. बोटाने हलके दाबले तरी रेशीम चिरते. असा कपडा घालू नये. त्याची मापे घ्या, मांजरपाटावर त्याचा कच्चा नमुना लांब टाक्यांनी शिवून घ्या, तो मुलीच्या अंगावर बसवा आणि त्यावरून नव्या कापडात तोच घाट उतरवा. जुनी जरीची पट्टी मजबूत असेल तर फक्त ती नव्यावर हाताने टाचावी, मशीनने नाही. मूळ कपडा धुतलेल्या मलमलीत गुंडाळून परत ट्रंकेत जाऊ दे. दर काही महिन्यांनी घडी वेगळ्या रेषेवर घालावी, डांबराची गोळी कापडाला टेकू देऊ नये. सोबत मापांची चिठ्ठी ठेवा: कपडा कोणाचा, कोणत्या साली शिवला, छाती, खांदा, मुंढा किती, कुठली माया सोडली. पेन्सिलने लिहा, शाई दमट हवेत कापडात उतरते.